मामाजी जीपमधूनच जाणार

माझे सासरे ताराचंदजी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासहाला गेले, आणि पावणेसातला सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आता त्या रडतील असं वाटून मी धीर देण्यासाठी घसा साफ करून ठेवला. त्या म्हणाल्या, "जावईबापू, जीप धुवून घ्या."

"जीप?"

"ते सांगून गेलते. ॲम्बुलन्सीत नाई न्याचं, खांद्यावर नाई न्याचं. माह्या जीपमधून न्याचं. आन् चालवन योगेंद्र."

योगेंद्र म्हणजे मी. वर्ध्यात कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, पिपरी मेघेला फ्लॅटमध्ये राहतो, आणि हिंगणघाटच्या या घराचा एकुलता एक जावई आहे. आदल्या संध्याकाळीच मी आणि माझी बायको प्रेरणा इथं मुक्कामाला आलो होतो. आमच्याकडे जावयाला सासरी बसायला पाट आणि पाठीला लोड मिळतो. जीप धुवायला कोणी सांगत नाही. पण घरात मृत्यू झालेला असताना मानपानाचा विषय काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी बादली शोधायला गेलो.

मामाजींचं (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात) वय शहाऐंशी होतं आणि ते झोपेत गेले होते. आदल्या रात्री त्यांनी दोन भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं होतं आणि भरतात मीठ कमी आहे असं सांगून ते झोपले होते. एवढं समाधानी मरण पाहून गल्लीतली म्हातारी माणसं दुःखापेक्षा हेव्यानंच जास्त गप्प बसली होती.

जीप मात्र मामाजींच्या सहा वर्षं आधी गेली होती. सरकारी लिलावात घेतलेली, पन्नाशी उलटलेली, कापडी टपाची ती गाडी अंगणातल्या टिनाच्या शेडखाली उभी असे. बॉनेटवर उन्हाळ्यात वड्या वाळत. मागच्या बाजूला दर पावसाळ्यात एक मांजर व्यायची. पण मामाजी रोज सकाळी स्टिअरिंगवर हात ठेवून दहा मिनिटं त्यात बसत. गावात जिनिंगच्या मशिनींचे पट्टे आणि बेअरिंग विकून त्यांनी संसार केला, तो सगळा या जीपमधून. त्यामुळे त्यांची इच्छा समजण्यासारखी होती. न समजण्यासारखं होतं ते माझं नाव.

त्याचं कारण असं, की एकोणीस वर्षांपूर्वी मी प्रेरणाला पाहायला आलो, तेव्हा मामाजींनी पगार, शेती, कुंडली यातलं काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी एकच प्रश्न टाकला. "जीप येते का चालवता?" दारामागून प्रेरणाच्या बांगड्या वाजल्या आणि मी "येते" म्हणालो. तेव्हा मला स्कूटरही नीट येत नव्हती. पुढं एक लहान कार घेतली, ती चालवतो. पण पार्किंगमधून ती मागं काढायची असली की प्रेरणाला मागं उभं करावं लागतं. जीपच्या बाबतीत मात्र मी एकोणीस वर्षं कधी कंबर, कधी चष्मा, कधी एकादशी पुढं करून निभावून नेलं होतं.

मी बादली घेऊन शेडमध्ये गेलो, तोवर शेजारचे महादेवराव तिथं पोचले होते. महादेवराव म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तीस वर्षांत एकही अपघात नाही, हे वाक्य ते नमस्काराच्या जागी वापरतात. आठच दिवसांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यावर हिरवी पट्टी होती. नसती तर त्यांनी ही कामगिरी माझ्या हातून हिसकावून घेतली असती आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

"हे चूक करून राह्यले तुमी," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाची इच्छा वेगळी आन् मेलेली गाडी वेगळी. टायरात हवा नाई, बॅटरी नाई, पासिंग कवाचंच संपलं. रस्त्यात अटकली म्हंजे?"

"मग ॲम्बुलन्स सांगू का?" मी आशेनं विचारलं.

"प्रमिलाबाईले कोण सांगन?"

आम्ही दोघांनी घराच्या दाराकडं पाहिलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. महादेवराव लगेच म्हणाले, "पयले हवा भरून घेऊ."

मेकॅनिक रोशनला बोलावलं. हायवेजवळ त्याचं गॅरेज आहे. तो आला, जीपच्या पाया पडला (मामाजींच्या नंतर पडला), आणि बाही वर सरकवून कामाला लागला. पाहता पाहता शेडमध्ये सल्लागारांची दाटी झाली. सांत्वनाला आलेला प्रत्येक पुरुष आधी आत जाऊन हात जोडायचा, आणि मग बाहेर येऊन इंजिनात डोकं घालायचा. कोणी म्हणे कार्बोरेटर, कोणी म्हणे पॉइंट, एका डॉक्टरांनी तर पाना कानाला लावून इंजिन तपासलं. आत बायकांचं रडणं आणि बाहेर "जरा सेल मार", "थांब, वायर तुटली", असं एकाच वेळी चाललं होतं.

माझा मेहुणा भूपेंद्र पुण्याहून विमानानं नागपूरला आणि तिथून गाडीनं एकपर्यंत पोचणार होता. तीन वाजता निघायचं ठरलं. तोवर घाटावरच्या लाकडांची परवानगी आणायला मला पाठवण्यात आलं. कार्यालयाचं नाव सांगत नाही. गावात सासर आहे, मरणाचं काही ना काही घेऊन तिथं पुन्हा जावंच लागेल.

खिडकीमागच्या बाईंनी नाव, वय, पत्ता विचारला. मग म्हणाल्या, "वाहनाचा प्रकार?"

"जीप."

त्यांनी कॉम्प्युटरकडं पाहिलं. "जीप नाई येत. शववाहिका, रुग्णवाहिका, ट्रॅक्टर, खांदा. यातलं सांगा."

"खांदा लिहा."

"खांद्याले चार नावं लागते, मोबाइल नंबर लागते."

"शववाहिका लिहा मग."

"तिचा नंबर टाकावा लागते. तुमच्या जीपचा नंबर सांगा, टाकून पाहू."

मी जुना तीन अक्षरी नंबर सांगितला. कॉम्प्युटरनं तो तीनदा नाकारला. चौथ्यांदा त्यानं मामाजींचं नावही पुसून टाकलं. माझ्या मागं रांग वाढत होती. मागच्या गृहस्थांनी, त्यांना जन्माचा दाखला हवा होता, "कोण गेलं?" म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर ते हळहळले. "ताराचंदभाऊ? आवो, माही बायको बाळंतपणाले त्याईच्याच जीपमधून गेलती! बाई, ट्रॅक्टर लिहा. माहा भायेर उभा आहे, त्याचा नंबर घ्या."

अशा रीतीनं सरकारी नोंदीत माझे सासरे आजही ट्रॅक्टरवरून गेलेले आहेत.

परत आलो तेव्हा अंगणात एकदम जल्लोष झाला. माणसांनी तो लगेच आवरला, कारण प्रसंग कोणता हे त्यांना आठवलं. जीप सुरू झाली होती. सगळा परिसर निळ्या धुरानं भरला. वीस माणसं खोकत होती आणि सासूबाई दारात डोळे पुसत होत्या. ते धुरानं की आवाजानं, कळलं नाही.

रोशन मात्र खाली मान घालून माझ्याजवळ आला. "सर, एक प्रॉब्लेम आहे. गाडी चालते. पण मागंच जाते."

"म्हणजे?"

"रिव्हर्स तेवढा लागून राह्यला. बाकीचे गिअर जाम झाले. खोलाचं म्हटलं तर दोन दिवस लागन."

मामाजींना दोन दिवस ठेवणं शक्य नव्हतं. मी सासूबाईंकडं गेलो आणि शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं, की गाडी फक्त उलटी जाते. त्यांनी क्षणभर विचार केला.

"घाटापर्यंत जाते ना?"

"जाते, पण उलटी..."

"मंग झालं. त्याईले कुठं वापस याचं आहे?"

भूपेंद्र आला. पुण्यात तो बिनगिअरची गाडी चालवतो. त्यानं जीपमधले तीन दांडे पाहिले आणि मला मिठी मारून म्हणाला, "जिजाजी, तुम्ही आहात म्हणून बरं." तो खरोखर रडत होता, त्यामुळे मी त्याची पाठ थोपटली आणि जीपकडं वळलो.

तिरडी जीपमध्ये चढवली. डोकं माझ्या सीटच्या मागं आणि पाय मागच्या फळीबाहेर हातभर. तेवढ्यात वाद निघाला, की नेताना पाय पुढं हवेत की डोकं. अर्धे लोक एका बाजूचे, अर्धे दुसऱ्या. शेवटी विधी सांगायला आलेले महाराज म्हणाले, "घरून निघताना पाय पुढं. गाडी उलटी जाणार म्हणजे पाय पुढंच राहतात. शास्त्राला धरूनच आहे." गाडी बिघडल्यामुळे शास्त्र पाळलं जातंय हे ऐकून रोशनच्या जिवात जीव आला. विसाव्यानंतर दिशा बदलावी लागते, याचा मात्र कोणी त्या वेळी उच्चार केला नाही आणि महाराजांनीही समंजसपणे आठवण करून दिली नाही.

मी स्टिअरिंगवर बसलो. पेट्रोलची टाकी गळत होती, म्हणून रोशन डबा आणि नळी घेऊन पुढच्या मडगार्डवर बसला. बॉनेट उघडंच ठेवलं होतं, पुढचं दिसायची गरजच नव्हती. आणि तेवढ्यात सासूबाई पदर खोचून माझ्या शेजारच्या सीटवर चढल्या.

गर्दीत कुजबुज झाली. एक वयस्कर गृहस्थ पुढं आले. "प्रमिलाबाई, बाया घाटावर जात नसते."

"चाळीस वर्सं याच सीटवर बसून गेली मी," सासूबाई म्हणाल्या. "यवतमाळ गेली, नागपूर गेली, पुरात गेली. आज काऊन उतरू?"

गृहस्थ मागं सरकले. प्रेरणा न विचारताच मागं चढली आणि वडिलांच्या पायाशी बसली. महादेवराव एका हातानं डोळ्यावरची पट्टी सावरत जीपच्या मागं, म्हणजे आमच्या पुढं, जाऊन उभे राहिले. त्यांनी खिशातून शिट्टी काढली. एसटी मागं घेताना कंडक्टर शिट्टी मारतो, तीस वर्षं त्यांनी ती ऐकली होती, आज वाजवायची पाळी त्यांची होती.

"येऊ द्या!" ते ओरडले.

मी क्लच सोडला. जीप हिसका देऊन निघाली.

आता माझी अवस्था लक्षात घ्या. गाडी मागं न्यायची म्हणजे मान डावीकडं वळवून मागं पाहायचं. मागं पाहिलं की पहिल्यांदा दिसायचा तो मामाजींचा चेहरा. तोंडात तुळशीचं पान, कपाळाला गुलाल, आणि भुवया किंचित वर, म्हणजे एकोणीस वर्षं माझ्याकडं पाहताना असायच्या तशाच. दीड किलोमीटरचा रस्ता मला त्या चेहऱ्यावरून पाहत कापायचा होता.

"राम नाम सत्य है," लोक म्हणत.

"डावीकडं घ्या, डावीकडं!" महादेवराव म्हणत. शिट्टी.

"राम नाम सत्य है."

"आता सोडा सरळ! कुत्रं आहे, कुत्रं!" दोन शिट्ट्या.

शिवाय स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की हॉर्न आपोआप वाजायचा आणि उजवीकडं फिरवेपर्यंत थांबायचा नाही. पहिल्या वळणावर लोक घराबाहेर आले ते कुठल्या उमेदवाराचा प्रचार आला म्हणून. अंत्ययात्रा दिसल्यावर त्यांनी चपला काढून हात जोडले. पण मागं वळल्यामुळे माझं तोंड थेट त्यांच्याकडं होतं, त्यामुळे मला वाटलं ते मलाच जोडताहेत. मीही एक हात जोडला, आणि जीप पानठेल्याकडं वळली. महादेवरावांची शिट्टी तोंडातून पडली. पानवाला उडी मारून बाजूला झाला. ठेल्याच्या छपराला चाटून जीप थांबली, तेव्हा मामाजींच्या पायावर दोन विड्याची पानं पडली होती. पानवाला म्हणाला, "राहू द्या भाऊ. ते रोज दोनच खाचे."

मिलच्या रस्त्यावर कापसाच्या ट्रॉल्यांची लांबच लांब रांग होती. जिनिंगचा हंगाम ऐन भरात. दोन ट्रॉल्यांमधून मी जीप मागं मागं नेत होतो, आणि वाऱ्यानं कापसाचे पुंजके उडून मामाजींच्या शालीवर, सासूबाईंच्या केसांवर, माझ्या चष्म्यावर येऊन बसत होते. ट्रॉल्यांवरची माणसं खाली उतरली. एकानं ओळखलं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं. बघता बघता ती माणसंही चालायला लागली. कोणाच्या लग्नाची वरात या जीपवरून निघाली होती, कोणाच्या बैलाला यातून दवाखान्यात नेलं होतं.

मला काय झालं माहीत नाही. मागं वळलेल्या मानेला कळ लागली होती, चष्म्यावर कापूस होता, समोर तो चेहरा होता. मी पुटपुटलो, "मामाजी, मला जीप येत नाही. तेव्हाही येत नव्हती."

शेजारून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्याईले माहीत होतं."

मी इतका दचकलो, की हॉर्न वाजायला लागला.

"तुमी पाहाले आलते ना, चहा पिऊन उठले आन् जीपच्या डाव्या बाजूनं चढाले गेले. स्टिअरिंग उजवीकडं. ते तवाच म्हणले, पोरगा खोटं बोलला, पण आपल्या पोरीसाठी बोलला. देऊन टाकू."

"मग माझं नाव कशाला घेतलं?"

"म्हणे, मी जिवंत असंतवर तं शिकणार नाई थो. मेल्यावर शिकन." त्यांनी मागं वाकून मामाजींच्या कपाळावरचा कापूस काढला. "शिकले तुमी. अर्धं."

घाटाचा उतार लागला तेव्हा कळलं, की ब्रेक नाही.

"पंप मारा, सर, पंप मारा!" रोशन ओरडला. मी पायानं नुसता धान्य कांडत होतो. जीप नदीकडं वेग घेऊ लागली. महादेवराव "येऊ द्या" म्हणायचं सोडून "नका येऊ, नका येऊ" ओरडत बाजूला पळाले. भूपेंद्र मडकं घेऊन पुढं चालत होता, तो मडक्यासकट चिंचेच्या झाडामागं गेला. आणि मागून येणाऱ्या लोकांनी, म्हणजे माझ्या बॉनेटसमोरच्या, धावत येऊन जीपचा पुढचा बंपर धरला. आधी चार, मग दहा, मग मोजता येणार नाही इतके. डॉक्टर, ट्रॉलीवाले, सकाळपासून खांदा द्यायला मिळणार नाही म्हणून रुसलेले चुलत सासरे, सगळे टाचा रोवून मागं ओढत होते. जीप धुळीत फरफटत उतरली आणि लाकडांच्या ढिगाला अलगद टेकून थांबली. वरची पाच-सहा लाकडं गडगडत खाली आली.

घाटावरच्या माणसानं ती पाहिली. "बराबर तिथंच टाकाची होती," तो म्हणाला.

सगळं नीट पार पडलं. भूपेंद्रानं अग्नी दिला. सासूबाई शेवटपर्यंत उभ्या राहिल्या आणि कोणीही त्यांना घरी जा म्हटलं नाही. परतताना जीप ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली. ट्रॅक्टर तोच होता, ज्याचा नंबर सरकारदरबारी लागला होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो. मान अजून डावीकडंच वळलेली होती, डॉक्टरांनी पट्टा दिला होता. जीपच्या मागच्या भागात महादेवराव आडवे पडले होते. हात छातीवर, डोळे मिटलेले.

मी त्यांच्या नाकासमोर बोट धरायला वाकलो. तेवढ्यात त्यांची सून मयुरी आमच्यासाठी चहाची किटली घेऊन आली. घरात सुतक, म्हणून चहा शेजारूनच यायचा. तिनं सासऱ्यांना पाहिलं, किटली टाकली आणि अशी किंकाळी फोडली, की सगळं घर बाहेर धावलं.

महादेवराव ताडकन उठले. टपाच्या लोखंडी दांडीवर डोकं आपटलं. "अबे, मेलो नाई मी! लंबाई पाहून राह्यलो!"

"कशाची लंबाई?" मी विचारलं.

ते डोकं चोळत ओशाळून म्हणाले, "पाय बाहेर राह्यते का, ते पाहाचं होतं. गुडघे थोडे मुडपले तं बसते." मग आवाज खाली आणून, "रोशन म्हणे गिअरबॉक्स खोलतो. तं त्याले म्हणा, टायमावर कर. मले रिव्हर्समध्ये नाई जाचं. तीस वर्सं एकही..."

"एकही अपघात नाई," सासूबाईंनी वाक्य पूर्ण केलं. त्या दारातून पुढं आल्या होत्या. जीपमध्ये बसलेल्या महादेवरावांकडं, जमिनीवर सांडलेल्या चहाकडं, माझ्या वाकड्या मानेकडं त्यांनी पाहिलं. आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावला, तरी थांबेना. प्रेरणा घाबरून त्यांना धरायला धावली आणि तिलाही हसू फुटलं. चार दिवस ते घर इतकं गप्प होतं, की हसण्याच्या आवाजानं बाजूच्या गल्लीतल्या बायका गच्चीवर येऊन पाहायला लागल्या.

महादेवराव रागानं खाली उतरले आणि सुनेमागं घरी गेले. जाताना गळ्यातला दुपट्टा काढून त्यांनी जीपच्या मागच्या भागात नीट पसरून ठेवला, एसटीत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसा.

मी तो उचलायला गेलो, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या, जावईबापू. जागा धरून ठेवली त्याईनं."